अंगठा उमटेना: विश्वकर्मा योजनेचा माझा अनुभव

आधी सांगून टाकते, विश्वकर्मा ही कारागिरांसाठीची सरकारी योजना चांगली आहे. प्रशिक्षण झालं, कर्ज मिळालं, नवं मशीन दुकानात चालू आहे. तरी कुणी विषय काढला की माझं डोकं तापतं, ते त्या काचेच्या चौकोनामुळे, ज्यावर अंगठा ठेवायचा असतो.

माझं दुकान तालुक्याच्या गावात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. काम मुख्यतः लग्नाचं. नवरीचे ब्लाऊज, शिवलेली नऊवारी, त्यातही हल्ली पेशवाई नि मस्तानी जास्त, आणि बरोबर आलेल्या करवल्यांची उसाभर. हाताखाली दोन मुली आहेत आणि आरी वर्कच्या (आकडीच्या सुईचं भरतकाम) खाटेवर, म्हणजे कापड ताणून बसवायच्या चौकटीवर, बंगालकडचा एक कारागीर बसतो. सीझनला तो एकटा पुरत नाही, मग रात्री शटर अर्धं ओढून मी स्वतः खाटेवर बसते. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे जी धांदल सुरू होते ती आषाढ लागेपर्यंत. मुहूर्त दाट असले की एकाच तारखेच्या चार नवऱ्या, आणि चौघींनाही ट्रायल आदल्या रविवारी संध्याकाळीच हवी असते.

तर ही योजना 17 सप्टेंबर 2023 ला, विश्वकर्मा जयंतीला सुरू झाली. 18 पारंपरिक व्यवसाय घेतलेत, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, त्यात आपण शिंपीही आहोत. 5 ते 7 दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्याचे दिवसाला 500 रुपये, साहित्यासाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, आणि नंतर विनातारण कर्ज, पहिल्यांदा 1 लाखापर्यंत. व्याज 5 टक्के. पतपेढीचं व्याज मी भरलेलं आहे, त्यामुळे हा आकडा वाचल्यावर मला दुसरं काही वाचायची गरज वाटली नाही. माझं इंटरलॉक मशीन धागा खायला लागलं होतं आणि शिलाईचं एक मोटरवालं मशीन कमी पडत होतं.

नोंदणी सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी अर्ज ऑनलाईन भरून देणाऱ्या सेवा केंद्रात होते आणि ती मोफत आहे. हे ठामपणे लक्षात ठेवा, कारण "फॉर्मचे म्हणून" कुणी काही मागितलं तर सरळ नाही म्हणायचं. आधार, आधारला जोडलेला मोबाईल, बँक पासबुक, रेशन कार्ड एवढं घेऊन गेले. माहिती भरली, ओटीपी आला, सगळं सुरळीत. मग केंद्रवाल्याने यंत्र पुढे सरकवलं. "मावशी, अंगठा."

(माझ्याच वयाचा असेल तो. असो.)

अंगठा ठेवला. जुळला नाही. पुसून ठेवला. नाही. डावा ठेवला. नाही. तर्जनी. नाही. "जोरात दाबा." जोरात दाबला. "इतका जोरात नाही." स्क्रीनवर एकच लाल ओळ: बायोमेट्रिक जुळत नाही. मागे रांग, त्यातल्या एका आजोबांचा सल्ला, केसांवरून बोट फिरवा. फिरवलं. तेही झालं.

मग तो म्हणाला, "साबणाने हात धुऊन उद्या या."

आता माझी बोटं कशी आहेत ते सांगते म्हणजे कळेल. हातशिलाई करताना सुई वर येते ती डाव्या तर्जनीच्या टोकावर, तिथे बारीक बारीक टोचे पडून कातडी राठ झाली आहे. आरी करताना उजव्या हातात आरी वर असते आणि डावा हात खाटेखालून धागा पुरवतो, जरीचा धागा चिमटीतून सरकून सरकून तिथे चर पडते. उजव्या अंगठ्यावर कात्रीचा घट्टा. त्यावर इस्त्रीची धग, आणि खडूची पूड बोटांच्या रेषांत बसलेली, ती साबणाने पूर्ण जात नाही. आधार काढलं तेव्हा मी घरी फॉल-पिको करत होते, आरी हातात घेतलेली नव्हती. त्या वेळचे ठसे एका वेगळ्याच बाईचे म्हणायचे. रेशन दुकानात नेहमी नवऱ्याचा अंगठा चालतो, म्हणून हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

म्हणजे मजा बघा. मी खरोखर हाताने काम करते याचा ह्यापेक्षा मोठा पुरावा कोणता द्यायचा होता? शिंपिणीसाठी असलेल्या योजनेत शिंपिणीचंच बोट चालेना. हे मी त्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "सिस्टीम घेत नाही, मी काय करू?"

नंतर मी पुन्हा पुन्हा गेले. किती वेळा ते मोजलं नाही, मोजलं असतं तर आणखी चिडले असते. लोकांनी सांगितलेले सगळे उपाय केले. खोबरेल तेल लावून झोपले. लिंबू चोळलं, त्याने टोचे तेवढे झोंबले. सकाळी इस्त्री न करता, कात्रीला हात न लावता आधी केंद्रात जायचं, असंही केलं. पण दुकान उघडायच्या आधी केंद्र उघडत नाही आणि केंद्र उघडतं तेव्हा तिथे लाईट तरी नसते नाहीतर सर्व्हर तरी नसतो. एकदा अकरा वाजेपर्यंत बाकावर बसले आणि मग कळलं की साहेब आज लग्नाला गेलेत. ते लग्न ज्या नवरीचं होतं तिचा ब्लाऊज मीच शिवला होता.

एकदा तर भर रांगेत दुकानातून मुलीचा फोन. "ताई, ट्रायलला आल्यात, पैठणीचा ब्लाऊज बाहीच्या मुंढ्यात धरतोय. उसवू का?" मी एवढ्याने ओरडले, "हात लावू नकोस!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, रेशमावरची शिलाई उसवली की सुईची भोकं तशीच दिसत राहतात, इस्त्रीने सुद्धा जात नाहीत. म्हणून आम्ही नवरीचा ब्लाऊज ट्रायलला कच्च्या टाक्यांवर ठेवतो, आत मार्जिन भरपूर सोडतो, आणि सैल करायचा तर आधीच्या शिलाईची रेघ मार्जिनमध्ये आतच राहील असं बघतो. हे फोनवर कुणाला समजावणार? रांग सोडून आले. नंबर गेला. नवरीची आई वर मलाच म्हणाली, "ताई, तुम्ही सीझनमध्ये दुकानात नसता हो हल्ली."

शेवटी केंद्रवाल्याने सांगितलं, आधारचे ठसे अपडेट करून या. हे त्याला पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. आधार केंद्र म्हणजे आणखी एक रांग. तिथे टोकन सकाळी लवकर वाटतात आणि संपतात. दहाही बोटं, दोन्ही डोळे, फोटो, सगळं पुन्हा घेतलं. पावती मिळाली. अपडेट व्हायला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात असं सांगितलं. ती पावती सांभाळा बरं का. तिच्यावरच्या नोंदणी क्रमांकावरून स्थिती ऑनलाईन बघता येते, आणि नाकारलं गेलं तरी तिथेच कळतं, घरी कुणी सांगायला येत नाही.

एक गोष्ट मध्येच आठवली. आधार ॲपमधून ठसे लॉक करायची सोय असते. फसवणुकीच्या बातम्या वाचून बऱ्याच जणींच्या मुलांनी आईचे ठसे लॉक करून ठेवलेत आणि आईला पत्ता नाही. लॉक असेल तर बोट कितीही सुरेख असो, जुळणार नाही. जायच्या आधी ते बघून घ्या. माझं लॉक नव्हतं, माझं सरळसरळ झिजलं होतं.

अपडेट झाल्याचा मेसेज आला तेव्हा आषाढ लागला होता. आषाढात आम्ही जवळपास रिकामे असतो, श्रावणात मंगळागौरीच्या नऊवाऱ्या सुरू होईपर्यंत. आरी बंद, हातशिलाई नाममात्र, हवा दमट. बोटं जरा माणसात आली होती. पुन्हा त्याच केंद्रात गेले. अंगठा. जुळला नाही. तर्जनी. जुळली नाही. तो खांदे उडवून पुढच्याला "या" म्हणाला, आणि मी तिथेच ठरवलं की ह्या माणसाचं तोंड आता बघायचं नाही.

दुसऱ्या टोकाला, स्टँडजवळ, आणखी एक केंद्र आहे हे मला गिऱ्हाईकाकडून कळलं. तिथे एक मुलगी बसते, जेमतेम बावीस-तेवीसची. तिने आधी यंत्राची काच ओढणीच्या टोकाने पुसली. मग माझे दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवायला लावले आणि नीट बघितले. मी हात नवऱ्यामुलीसारखे दाखवत बसले. म्हणाली, "काकू, अंगठाच पाहिजे असं कुठे लिहिलंय? कुठलंही बोट चालतं." आणि तिने उजव्या हाताची अनामिका ठेवायला सांगितली, कारण त्या बोटावर ना घट्टा ना टोचा. पहिल्या फटक्यात हिरवं! मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. तिला चहा पाजला, आणि तिच्या लग्नाचा ब्लाऊज अर्ध्या शिलाईत शिवीन असा शब्द देऊन आले. तो शब्द मी पाळणार आहे.

तेव्हा शिवणकामवाल्यांनो, चुडीदार शिवणाऱ्यांपासून आरीवाल्यांपर्यंत, सगळ्यात आधी अनामिका आणि करंगळी. ऑपरेटर अंगठ्यावर अडला तर तुम्हीच सांगा. आणि केंद्र बदला, एकाच दारात झिजू नका, तेवढी बोटं पुरे झाली. शक्यतो हे काम आषाढातच काढा.

पुढचं सगळं झालं. तीन टप्प्यांची पडताळणी असते, आधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, मग जिल्हा समिती, मग छाननी समिती. थांबावं लागलं, पण मला कुठे उभं राहावं लागलं नाही. प्रशिक्षणाला आधी कौशल्य तपासतात. शिकवणाऱ्या सरांनी मला कागदावर सरळ रेघेत शिलाई मारून दाखवायला सांगितली. मारली. मग त्यांनी माझ्या अंगावरच्या ब्लाऊजची मागची बाजू बघितली आणि कुणाकडून शिवला विचारलं. दुसऱ्या दिवसापासून गळ्याचे प्रकार वर्गाला मी शिकवत होते, 500 रुपये रोज मात्र विद्यार्थिनीचेच मिळाले.

अर्ज करण्याआधी बघायच्या काही अटी राहिल्या. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर मिळत नाही. माझ्या ओळखीची एक उत्तम शिवणारी बाई केवळ नवरा सरकारी शिपाई म्हणून बाहेर राहिली. तिची बोटं माझ्याहून जास्त झिजलेली आहेत. दुसरं, गेल्या 5 वर्षांत स्वयंरोजगाराचं असंच सरकारी कर्ज घेतलेलं असेल तर अडतं, पण मुद्रा किंवा स्वनिधीचं पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं. फेडल्याचा बँकेचा कागद बरोबर ठेवा.

कर्जाचं गणित बँकेत नाही, घरी करा. 1 लाख रुपये 18 महिन्यांत फेडायचे, म्हणजे हप्ता पावणेसहा हजारांच्या थोडा वर. सीझनला तो कळतही नाही. पण 18 महिन्यांत निदान एक चातुर्मास येतोच, आणि आपल्या धंद्यात चातुर्मास म्हणजे फॉल-पिकोवर काढलेले दिवस. मी मे महिन्यातच चार हप्त्यांचे पैसे बाजूला काढून ठेवले, वेगळ्या खात्यात, म्हणजे अस्तर-कॅनव्हासच्या खरेदीत जाणार नाहीत. पुढचं 2 लाखांपर्यंतचं कर्ज पहिल्या कर्जाचे हप्ते चोख भरले असतील तर मिळतं, आणि त्यासाठी ऑनलाईन पैसे घेण्याची सवय लावावी लागते, नाहीतर पुढचं प्रगत प्रशिक्षण घ्यावं लागतं. दर ऑनलाईन व्यवहारामागे 1 रुपया सरकार देतं, महिन्याला 100 व्यवहारांपर्यंत. शंभर रुपयांत आरीचे मणी सुद्धा येत नाहीत, पण क्यूआर कोड लावून ठेवलाय. नवऱ्या फोनवरून पटकन देतात. त्यांच्या आया अजून ब्लाऊज उलटा करून आतली शिलाई तपासतात, पन्नास रुपये कमी करायला लावतात आणि मग पर्समधून रोख काढतात.