अनाथ तरुण चर्चच्या मंडळीत आले, पुढे काय?

बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलामुलींना रविवारच्या उपासनेत उभं करून टाळ्या वाजवल्या की मंडळीला वाटतं, झालं स्वागत. पहिले दोन-तीन महिने घरोघरची जेवणाची बोलावणी येतात, मग एकेक करून थांबतात. बदलत राहणारे कर्मचारी आणि चार दिवस लळा लावून निघून जाणारे पाहुणे बघतच ही पोरं वाढलेली असतात. त्यांच्या लेखी आपणही त्याच यादीत जातो.

म्हणून माणसं थोडी असावीत, पण टिकणारी. एका तरुणामागे एक घर आणि त्या घराबाहेरचा एक प्रौढ, एवढं पुरे. निदान दोन वर्षं निभावणार का, हे पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) आधीच स्पष्ट विचारावं; लवकरच गाव सोडायचं असेल त्यांनी यात पडू नये. पोलीस पडताळणी सगळ्यांची व्हावी. बंद दाराआड एकट्याने भेटायचं नाही, रात्री-अपरात्री खासगी मेसेज करायचे नाहीत, हे नियम पाळकांनाही लागू. ‘आपलीच तर माणसं आहेत’ म्हणून जिथे सूट मिळते, धोका नेमका तिथेच असतो.

आठवड्यातला एक वार जेवणासाठी ठरवून टाकावा. आग्रहाने वाढत बसण्यापेक्षा ताटं मांडायला, उरलेलं डब्यांत भरायला लावावं. झाकणं कुठल्या खणात आहेत हे न विचारता सापडायला लागलं की पाहुणेपण संपत आलं म्हणायचं. संस्थेत वाढलेल्याने बहुधा वीजबिल हातात घेतलेलं नसतं, नवरा-बायकोचं भांडण होऊन संध्याकाळी ते मिटलेलंही पाहिलेलं नसतं. दोन्ही त्याच्यासमोर होऊ द्यावं.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण सर्वांत तातडीचं. जन्मदाखला, शिक्षणाचे दाखले, उपचारांच्या नोंदी यांची एकत्र फाइल करावी. मूळ प्रती तरुणाकडे, छायाप्रती त्या घरात. नोकरीच्या अर्जात ‘आपत्कालीन संपर्क’ अशी एक चौकट असते. ती भरताना पेन अडतं. तिथे कोणाचं नाव आणि नंबर लिहायचा, हे त्या घराने आपणहून सांगावं आणि रात्री दोनला फोन आला तरी उचलावा.

पैसे कोणी परस्पर हातावर ठेवू नयेत. एकाने दिले, दुसऱ्याला कळलं, तिसऱ्याने ‘परत कधी?’ विचारलं की पोरगं उपासनेला यायचंच बंद होतं. मदत खजिनदारामार्फत व्हावी. किती, किती महिने, उसनी की कायमची, हे लेखी असावं. नोकरीचा पहिला महिना सर्वांत अवघड. पगार महिनाअखेरीस येतो; खोलीची अनामत, प्रवास आणि जेवण आधीच लागतं.

आणि हो, विश्वास बसायला लागला की काही जण अचानक गायब होतात. फोन उचलत नाहीत, खोटं बोलतात. याला कृतघ्नपणा समजू नये. टाकलं जाण्याआधी आपणच दूर व्हायचं, ही जुनी सवय असते. ठरलेल्या वारी छोटा निरोप जात राहावा, टोमणा न मारता.

मंचावर साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर आपली कहाणी सांगायला लावू नये, देणगीच्या पत्रकावर फोटो छापू नये. ‘देव बापासारखा आहे’ हे वाक्य बाप न पाहिलेल्याला किंवा बापाचा मार खाल्लेल्याला पोकळ वाटू शकतं. बायबलमधलं स्तोत्र २७:१० आईबापांनी सोडलेल्यांचीही गोष्ट करतं; उपदेशात ते आधी घ्यावं.

युनिसेफच्या व्याख्येत एक पालक गमावलेलं मूलही अनाथ धरतात. म्हणजे कुठेतरी आई, आजी, भावंडं असू शकतात. ती नाती तोडायला लावू नयेत, ती माणसं दुसऱ्या धर्माची असली तरीही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं २० वं कलम कुटुंबाविना वाढणाऱ्या मुलांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक पार्श्वभूमीचीही दखल घ्यायला सांगतं. अठरा उलटल्यावर ते लागू नाही, पण त्यामागचा विचार सोडायचं कारण नाही. खोलीचं भाडं किंवा फी बाप्तिस्म्याशी जोडली तर पुढचा होकार खरा की गरजेचा, हे त्या तरुणालाही सांगता येणार नाही. पुढे तो उपासनेला यायचा थांबला, तरी अर्जावरचा नंबर तोच राहील, हे त्याला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवावं.