पाच एफएम १० आणि एक हजेरीवही : आमची वाटचाल

परभणीतल्या आमच्या फोटोग्राफीच्या वर्गाच्या कपाटात निकॉनचे पाच एफएम १० आहेत, फिल्मचे कॅमेरे. चार चालू, एकाचं उजेड मोजायचं मीटर गेलेलं. तोही मी टाकून दिलेला नाही, कारण त्याचं शटर अजून घड्याळासारखं वाजतं. त्या कॅमेऱ्याला सेल लागतात ते फक्त मीटरसाठी. शटर सगळं यांत्रिक. नवी बॅच आली की पहिल्या रविवारी मी हाच बंद मीटरचा कॅमेरा मुलांच्या हातात देते. फिल्म १०० ची, डोक्यावर स्वच्छ ऊन, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं लहान-मोठं होणारं छिद्र) १६, शटर १२५, म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. मीटरशिवाय उन्हात फोटो काढायचा हा नियम, सनी सिक्स्टीन. परभणीत मार्च ते मे हा नियम ज्याला चुकला, त्याने उन्हाकडे बघितलेलंच नाही असं समजा.

मी शिकले मामांकडे. मामा नात्यातले नव्हेत, सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. १९९८ साली त्यांच्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायला लागले. पासपोर्ट फोटो तेव्हा ब्लॅक अँड व्हाइटच जास्त. पेन्सिलीला लांब, सुईसारखं टोक करायचं, काचेखालून उजेड घ्यायचा आणि गालावरचे खड्डे भरायचे. पुढे डार्करूम माझ्याकडे आली. डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवायचं रसायन, २० अंशांना लागतो. आमच्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी अंगावर घेववत नाही. मामा डेव्हलपरची बाटली ओल्या पोत्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायचे आणि ट्रेखाली बर्फाची परात. बर्फ वितळला की काम बंद. ‘घाई केलीस तर काळा रंग मातीसारखा होतो,’ म्हणायचे. साडीला हायपोचा, फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास यायचा, सासूबाई नाक धरायच्या. पण त्यांनी मला कधी जाऊ नको म्हटलं नाही, हे इथं लिहून ठेवते.

शिकवायची कल्पना मामांची. गिऱ्हाइकाला मी दहा मिनिटं समजावत बसायची, फोटो का हलला, चेहरा का काळा आला. मामा एकदा म्हणाले, ‘पोरी, एकेकाला काय सांगायलीस? रविवारी पाचजण बसव, फी घे.’ २००४ मध्ये स्टुडिओच्या गच्चीवर पहिली बॅच झाली. बँकेतले एक क्लार्क, एक कंपाउंडर, कृषी विद्यापीठातले दोन विद्यार्थी (त्यांना पानावरच्या किडीचे फोटो काढायचे होते) आणि एक शिंपी. फी तीनशे. फोटोग्राफीवर भाषण नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. खिडकीशी पांढऱ्या बशीत उकडलेलं अंडं ठेवायचं आणि त्याची सावली कुठे मऊ, कुठे कडक, ते तासभर बघायचं. कॅमेऱ्याला हात दुपारनंतर. शिंपीदादांना ते सगळ्यांआधी कळलं. कापडाच्या चुण्या बघायची सवय असलेला माणूस.

२००७ नंतर डिजिटल आलं, डार्करूम बंद झाली, मामा थकले आणि गेले. निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचा एनलार्जर त्यांनी मला दिला. आम्ही निकॉनचे दोन डी ९० घेतले, डिजिटल. बॅचा भरत होत्या, नांदेड, हिंगोलीहून मुलं यायची. २०१४ पर्यंत बरं चाललं.

मग जे झालं ते मी आजवर कुठे लिहिलं नाही.

आमच्याकडे एक मुलगा होता. चौथ्या की पाचव्या बॅचला आला, हुशार, नजर चांगली. फी भरायला पैसे नव्हते, मी घेतली नाही. पुढे तो माझ्याबरोबरच काम करायला लागला. लेन्स पुसणं, बॅचची यादी, फोन, सगळं त्याच्याकडे. मला ताई म्हणायचा, घरी जेवायचा. २०१५ च्या ऑक्टोबरात दिवाळीआधीच्या बॅचला तेवीस नावं आली होती, एवढी कधीच आली नव्हती. रविवारी सकाळी गच्चीवर सतरंज्या टाकल्या, अंडी उकडली. चारजण आले.

दुपारी कळलं. स्टेशनच्या बाजूला त्याने हॉल घेतला होता. बाहेर फ्लेक्स : ‘सात दिवसांत प्रोफेशनल फोटोग्राफर, सर्टिफिकेटसह.’ फ्लेक्सवरचा फोटो आमच्या येलदरीच्या सहलीतला, माझ्याच कॅमेऱ्यावर काढलेला. माझे उरलेले एकोणीसजण तिथे बसलेले. यादी त्याच्याकडेच होती ना. पुण्याहून मॉडेल आणली होती, स्टुडिओ लाइट्स लावले होते, प्रत्येकाला कॅमेरा त्यानेच सेट करून द्यायचा आणि मुलांनी फक्त बटण दाबायचं. फोटो छान येणारच. मुलं घरी जाऊन तोच कॅमेरा आईवर रोखणार आणि आईचा चेहरा काळा येणार.

त्यानंतर त्याच्या नोट्स कोणीतरी मला आणून दाखवल्या. झेरॉक्स. अक्षर माझं. अ‍ॅपर्चरच्या तक्त्यात मी कधीतरी चुकून एफ ११ च्या जागी एफ १२ लिहिलं होतं. वर्गात मी ते दर वेळी तोंडी दुरुस्त करायची. त्याच्या नोट्समध्ये एफ १२ तसंच होतं. पैसे गेले, मुलं गेली, त्याचं दुःख वेगळं. पण ज्याने आठ वर्षं माझ्यासमोर बसून ती दुरुस्ती ऐकली, त्याला ती लक्षातही राहू नये, याने मला रात्ररात्र झोप लागली नाही. बाजारात तो सांगायचा, ताई जुनं शिकवतात, बाईमाणूस, लग्नाच्या गर्दीत काय उभी राहणार. लग्नं मी १९९९ पासून करत होते. हळदीच्या मांडवात, बायकांच्या घोळक्यात कुठल्या पुरुष फोटोग्राफरला शिरू दिलं होतं, ते एकदा सांगावं त्याने.

एकोणीसजणांची आगाऊ फी माझ्याकडे होती, प्रत्येकी दीड हजार. आठ दिवसांत सगळ्यांना परत केली, साडेअठ्ठावीस हजार. त्यासाठी ८०-२०० ची लेन्स विकली. अ‍ॅपर्चर दोन पॉइंट आठपर्यंत उघडणारी, भरीव धातूची, हातात घेतली की मनगट दुखायचं अशी. तिच्यासारखी लेन्स मी पुन्हा घेऊ शकले नाही. एफएम १० विकायला काढले असते तर कोणी घेतले नसते, म्हणून ते राहिले.

वर दुष्काळ. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते सगळ्यांना आठवतच असेल. त्या उन्हाळ्यात आमच्याकडेही लग्नं घरच्या घरी होत होती, फोटोग्राफर कोण बोलावतो? जानेवारी ते जून मिळून दोन बॅचा झाल्या, एकीत तिघे, दुसरीत दोघे. गच्चीचं भाडं थकलं. नवऱ्याच्या पगारावर घर चाललं. तो काही बोलला नाही. पण मी वह्या बांधून माळ्यावर टाकल्या होत्या.

आता गुरुजींबद्दल. मानवत तालुक्यातल्या एका खेड्यातले, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले. २००९ मध्ये पहिल्यांदा आले तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. मुलाने दिलेला छोटा डिजिटल कॅमेरा रुमालात गुंडाळलेला. एसटीने यायचे, पहिल्या रांगेत बसायचे, अंड्याची सावली वहीत चित्र काढून टिपून घ्यायचे. दोन महिन्यांनी तीच बेसिक बॅच पुन्हा लावली. मग पुन्हा. चौथ्या वेळी मी म्हणाले, गुरुजी, आता तुम्हाला सगळं येतंय, पुढची लावा. तर म्हणाले, ‘ताई, दर वेळी ऊन वेगळं असतंय की.’ मी त्यांची फी अर्धी करायला गेले, त्यांनी पूर्ण मोजून दिली.

दिवाळीनंतरच्या त्या रिकाम्या महिन्यांत ते दोन बॅचांना आले होते. तिघांच्या बॅचमधले एक तेच. २०१६ चा पाऊस चांगला झाला. नोव्हेंबरात गुरुजींचा फोन : ‘आमच्याकडं या. गच्ची कायला लागती? रान आहे, कापूस आहे. सहाजण जमवलेत.’ सहाजणांत एक ग्रामसेवक, दोन कॉलेजची पोरं, एक किराणा दुकानदार, गुरुजींची पुतणी आणि एक ट्रॅक्टर चालवणारा. चौघांकडे कॅमेरा नव्हता. एफएम १० बाहेर काढले, रोल मागवले.

आणि त्या रानात मला माझा सगळ्यात चांगला धडा सापडला. तोवर मी मीटर शिकवायची फळ्यावर. मीटर आंधळं असतं, त्याला समोरचं जग अठरा टक्के करडं आहे असंच वाटतं, वगैरे. मुलं मान हलवायची. त्या दिवशी बांधावर वेचलेल्या कापसाचा ढीग होता आणि शेजारी नांगरून ठेवलेली काळी जमीन. मी म्हटलं, मीटर सांगतंय तसा दोन्हीचा फोटो काढा. गुरुजींच्या डिजिटलवर लगेच दिसलं. कापूस मळका, राखेसारखा. काळी जमीन भुरकट, जणू मुरमाड. ट्रॅक्टरवाला पोरगा ओरडलाच, ‘अहो, ही आमची जमीन नाही!’ मग कापसाला दीड स्टॉप वाढवला, जमिनीला एक स्टॉप उतरवला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). कापूस कापूस झाला, काळी काळी झाली. ज्याचं रान आहे त्याला ते पाच मिनिटांत कळलं. शहरातल्या मुलांना मी ते दोन-दोन रविवार शिकवलं होतं. आता आमची प्रत्येक बॅच नोव्हेंबर-डिसेंबरात एक दिवस रानात जाते.

दुसरंही एक तिथेच शिकले. वेचणीच्या बायकांचे फोटो पोरांनी काढले. पंधरा दिवसांनी प्रिंट करून गुरुजींच्या हाती पाठवले. एका मावशींनी तो फोटो परत दिला. चेहरा उत्तम आला होता, डोळ्यांत उजेड होता, मी शाबासकी दिलेला फोटो. मावशींचं म्हणणं, ‘ह्यात माझी ओटी कुटंय?’ कंबरेला बांधलेली कापसाची भरलेली ओटी चौकटीबाहेर कापली गेली होती. दिवसभराचं काम तेच आणि फोटोत तेच नाही. पुन्हा जाऊन उभा, पूर्ण फोटो काढला. तेव्हापासून नियम केला : ज्याचा फोटो काढाल त्याला प्रिंट नेऊन द्यायची आणि तो काय म्हणतो ते वहीत लिहायचं. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये जे शेरे आहेत, ते कुठल्या स्पर्धेच्या परीक्षकाने दिले नसतील.

काही गोष्टी सांगते, कोणी विचारलेल्या नाहीत तरी. दुसरी लेन्स घेण्याआधी ट्रायपॉड घ्या, आणि हलका घेऊ नका. आपल्याकडे वारा असतो. चैत्र-वैशाखात मोटारसायकलवर थांबून लेन्स बदलू नका. धूळ सेन्सरवर बसली की आकाशात काळे ठिपके येतात आणि मग फोटोशॉपला शिव्या घालत बसता. तोंडाने फुंकर तर कधीच मारू नका, रबरी ब्लोअर शंभर-दोनशेत मिळतो. वेरूळला मंगळवारी जाऊ नका, बंद असतं, अजिंठा सोमवारी. कैलास लेण्याचं तोंड पश्चिमेला, तेव्हा सकाळी पोचलात तर आधी आतल्या मूर्तींवर वेळ घाला, दर्शनी भागाला दुपारनंतरचं ऊन लागतं. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही आणि चालूही नये. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवा, कोपर खांबाला टेकवू नका, स्वतःच्या बरगडीला टेकवा, श्वास सोडताना बटण दाबा.

आणि फोटो दोन ठिकाणी ठेवा. हे सांगताना मी नेहमी मेजर रॉबर्ट गिल यांचं सांगते. त्यांनी अजिंठ्यात वर्षानुवर्षं राहून भित्तिचित्रांच्या नकला केल्या, त्या लंडनला गेल्या आणि १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. १८८५ मध्ये लंडनलाच आग लागून त्यांतल्याही कितीतरी गेल्या. एकाच जागी ठेवलं म्हणून दोनदा. गिल यांनी कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंच्या प्रती मात्र आजही आहेत, कारण त्या छापून वेगवेगळ्या हातांत गेल्या होत्या. तुमची हार्ड डिस्क गिल यांच्या चित्रांपेक्षा मजबूत नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं, लोक विचारतात. दोन वर्षांत हॉल सुटला. आता लग्नात ड्रोन उडवतो, चांगलं कमावतो असं ऐकते. एका लग्नात समोरासमोर आलो, त्याने मान वळवली. मी वळवली नाही. एफ १२ बद्दल त्याने एकदा येऊन बोलावं, एवढंच मला वाटत आलंय. त्याचे काही विद्यार्थी नंतर आमच्याकडे आले, त्यांना मी पहिल्यापासून अंड्यासमोर बसवलं.

सध्या वर्षाला सहा बॅचा होतात, प्रत्येकी बाराच्या वर घेत नाही. निम्मी मुलं मोबाइल घेऊन येतात. येऊ द्या, सावली मोबाइललाही तीच पडते. सर्टिफिकेट आम्ही देत नाही. शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या एका फोटोची मोठी प्रिंट देतो, बारा बाय अठरा, ती त्याने स्वतः निवडायची आणि का निवडली ते सगळ्यांसमोर सांगायचं.

गुरुजींचं नाव हजेरीवहीत अकरा वेळा आहे. यंदाच्या डिसेंबरात बारावी वेळ. सत्त्याहत्तर झालेत, रानात आता खुर्चीवर बसतात, हात थरथरतो. मी पोरांना वेचणीसाठी शटर २५० सांगितलं. गुरुजींनी स्वतःचा कॅमेरा माझ्याकडे धरला आणि हळूच म्हणाले, ‘ताई, पोरांना अडीचशे असू द्या. मला पाचशे लावून द्या.’ मी लावून दिलं. त्यांनी चष्म्यावरून बघून तपासलं, मग अ‍ॅपर्चर स्वतःच एक घर उघडलं.