एक दिवस मटणाचं दुकान बंद ठेवलं तर काय बिघडतं?

महावीर जयंती आली, जैनांचं पर्युषण आलं, की गिऱ्हाईकं हे हटकून विचारतात. २०२५ च्या १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवलीत मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा हुकूम निघाला, तेव्हा तर नातेवाइकांनीही विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आम्ही हिंदू खाटीक. आषाढी-कार्तिकीला आमचं दुकान आजोबांच्या वेळेपासून बंद असतं, कुणी सांगावं लागत नाही. तेव्हा धर्म मला शिकवू नका.

पण ती हळद. गल्लीतलंच आगरी घर, साठ किलोची ऑर्डर, ॲडव्हान्स घेतलेला. तारीख नेमकी महावीर जयंतीची. कॅलेंडर मलाही दिसत होतं, पण दरवर्षी कुणी फिरकत नसे. त्या साली आदल्या संध्याकाळी पालिकेनं शटरला बंदची नोटीस चिकटवली. मुलीचा बाप म्हणाला, "दादा, हळदीला पाहुण्यांना काय वांगं वाढू?" कत्तलखाना बंद, म्हणून पहाटे मागच्या वाड्यातच कापलं. तेही बेकायदाच, मान्य. पातेली टेम्पोत चढवत होतो आणि गाडी आली. कुणीतरी कळवलं होतं. पंचनामा झाला आणि माझ्यादेखत मटणावर फिनेल ओतलं. सगळ्या साठ किलोंवर. ॲडव्हान्स मी परत केला, पैशांचं सोडा. बोकडं मेली ती मेलीच, वर कुणाच्या पोटातही गेली नाहीत. ही कुठली अहिंसा?

कोर्टाकडे बघावं, तर २००८ साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादची पर्युषणातली नऊ दिवसांची कत्तलखाना-बंदी उचलून धरली. निकालात अकबराचाही दाखला आहे. २०१५ साली मुंबई हायकोर्टानं मटणविक्रीवरची एका दिवसाची बंदी थांबवली. मासळीला बंदी का नाही, असा प्रश्न तिथे निघाला, तेव्हा सरकारी बाजूनं सांगितलं, मासे पाण्याबाहेर काढले की आपोआप मरतात.

मी खूप हसलो होतो. मग मावशी आठवली. देवळाजवळ मासळीची पाटी घेऊन बसायची. एका नवरात्रात "नऊ दिवस पलीकडे बसा" सांगायला आठ जण गेलो, त्यात मी. ती बोलली नाही, पाटी उचलून गेली. ती विनंती होती, सरकारी हुकूम नव्हे, असं मी आजही म्हणतो. बायको विचारते, आठ जण कशाला लागले मग?

यंदाही एकादशीला दुकान बंदच असेल. नोटिशीच्या दिवसाचं ठरलेलं नाही. त्या आठवड्यात हळदीच्या ऑर्डरी मात्र घेत नाही.