झाला का जप?

“झाला का जप?” संगम माहुलीच्या घाटावर मागनं एका आजींनी विचारलं.

“नाही आजी, चित्र काढतेय.”

“मग व्हट का हालत हुतं?”

मी पायऱ्या मोजत होते. कृष्णेत उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, एकेक रेघ ओढताना एकेक आकडा. विश्वेश्वराचं देऊळ १७३५ च्या सुमाराचं. तिथला दगड घडवणाराही टाकीचे घाव असेच मोजत असेल का?

वेण्णा इथंच येऊन मिळते, पण तासभर मला पाणी दिसलंच नव्हतं. घरी पूजेला बसले की पाच मिनिटांत कान कुकरच्या शिट्टीकडे जातात.

आजींनी निघताना देवळाला हात जोडले. मग माझ्या वहीलाही.

रात्र झाली, तरी तेच मनात आहे. मी नक्की काय मोजत होते?