माबुनीच्या भिंतीवरची नावं

२३ जून हा जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर युद्धातल्या मृतांचा स्मृतिदिन. त्या दिवशी तिथे असायचंच, हे मी पुण्याहून निघतानाच ठरवलं होतं. नाहाहून बसने इतोमान, तिथून दुसरी बस. माबुनीच्या टेकडीवर पोचले तेव्हा ऊन चटके देत होतं. १९४५ मध्ये अमेरिका आणि जपान यांच्यातल्या ओकिनावाच्या लढाईचा शेवट इथल्याच कड्यांवर झाला.

समुद्राच्या बाजूला काळ्या ग्रॅनाइटच्या भिंती उभ्या आहेत, घडीच्या पडद्यासारख्या दुमडलेल्या. पुण्यात जपानी शिकताना या स्मारकाच्या नावातला 'पायाचा दगड' हा शब्द मी 'इशिझुए' असा वाचायचे. इथे सगळे 'इशिजी' म्हणतात. १९९५ मध्ये ते उभं राहिलं. त्यावर युद्धात गेलेल्यांची २ लाख ४० हजारांहून जास्त नावं आहेत: ओकिनावाचे गावकरी, जपानी सैनिक, अमेरिकन, कोरियन, ब्रिटिश. कुणाच्याही नावापुढे हुद्दा नाही. काही तान्ह्या मुलांचं नाव सांगणारं कुणी उरलंच नाही. तिथे फक्त 'अमक्याचा थोरला मुलगा' एवढंच कोरलंय. त्या ओळींपाशी माझे पाय खिळले.

शेजारी एक आजी बाटलीतलं पाणी एका नावावर ओतत होत्या. मी विचारलं, पाणी कशासाठी? "तेव्हा प्यायला मिळालं नव्हतं ना." मला आपलं तर्पण आठवलं. पुढे काही विचारवलं नाही.

दुपारी बाराला मिनिटभर सगळं स्तब्ध झालं. मग गव्हर्नर बोलले. इथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो, लोक त्याला मतं देऊन निवडतात. पंतप्रधानही बोलले. शांतता हा शब्द दोघांच्याही तोंडी होता, पण ओकिनावाचं दुखणं त्या शब्दाआड झाकलं जात नाही. जपानच्या ०.६ टक्के जमिनीवर देशातल्या अमेरिकी लष्करी तळांचं सुमारे ७० टक्के क्षेत्र आहे. ओकिनावातल्याच हेनोकोला समुद्रात भराव घालून नवा अमेरिकी तळ होतोय. २०१९ च्या सार्वमतात सुमारे ७२ टक्के मतं त्याविरुद्ध पडली, तरी काम थांबलं नाही. गव्हर्नरनी नाकारलेली परवानगी २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने स्वतःच देऊन टाकली.

आणि भरावासाठी माती कुठली? सरकारी आराखड्यात इतोमान परिसराचंही नाव आलं, जिथे अजून मृतांची हाडं सापडतात. ही माती वापरू नका, असा ठराव २०२१ मध्ये ओकिनावाच्या विधानसभेने एकमताने केला. हे मला त्या भिंतीसमोर उभं राहून फार लागलं. नाव दगडावर जपायचं आणि हाडं तळाखाली घालायची?

दरवर्षी इथे नवी नावं कोरतात. मी निघाले तेव्हा आजी भिंतीसमोरच्या गवतावर नातवंडांसोबत डबा उघडून बसल्या होत्या. एक वाटा त्यांनी भिंतीपाशी ठेवला होता.