खिडकीजवळचं टेबल

मागच्या सोमवारी बाररूमच्या, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या बसायच्या खोलीच्या, किल्ल्या वकील संघटनेच्या नव्या अध्यक्षांकडे सोपवल्या. दोन वर्षं त्या माझ्या पर्समध्ये होत्या. आमचं कोर्ट उपनगरातलं, वकील संघटना लहान. मी अध्यक्ष म्हणून निवडून आले त्या दिवशी हार घातले गेले आणि हार उतरवायच्या आत कामं सांगितली गेली. पंखे दुरुस्त करा, बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी लावा, झेरॉक्सवाल्याचा दर कमी करा. ती सगळी केली. लिहायचंय ते एका टेबलाबद्दल.

बाररूममध्ये प्रत्येक खुर्ची कुणाची तरी असते. त्यावर नाव नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं. एखादे वकीलसाहेब पंचवीस वर्षं त्याच जागी डबा खातात, त्यांचे अशील तिथेच त्यांना शोधत येतात. ज्युनिअर पॅसेजमध्ये उभे राहतात. भिंतीला कागद टेकवून वकीलपत्र भरतात, जिन्यावर बसून मुदतीचा अर्ज लिहितात. मीही ते असंच केलंय.

२०२४ च्या जूनमध्ये, धो धो पावसात, एक मुलगी जिन्यावर बसून गुडघ्यावर कोर्टाच्या कागदांच्या नकलेचा अर्ज लिहीत होती. अर्ज ओला होऊ नये म्हणून ओढणी वर धरलेली. मला बघून उठली. म्हणाली, "मॅडम, इथे कुठे टेकता येईल का?" फोर्टमधल्या एका सॉलिसिटरांकडे, म्हणजे मुख्यतः कागदपत्रांचं काम करणाऱ्या वकिलांकडे, आर्टिकलशिप म्हणजे उमेदवारी करत होती, फर्मच्या कामासाठी आमच्या कोर्टात आली होती. राहायला टिटवाळ्याला. सकाळी सहा बावन्नची गाडी पकडायची आणि रात्री साडेनवाला घरी. शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच झाली होती. घरात कुणी वकील नाही, नात्यातही नाही.

त्या महिन्याच्या कमिटी मीटिंगमध्ये मी खिडकीजवळचं टेबल मागितलं. त्यावर कित्येक वर्षांपासून जुन्या फायलींचे गठ्ठे पडून होते, ज्यांचे होते ते वकिली सोडून गावी गेलेले. विरोध झाला. एक ज्येष्ठ सभासद मनापासून म्हणाले, "बाई, पहिल्या दिवसापासून खुर्ची दिली तर पोरं शिकणार कधी? आम्ही उभे राहूनच शिकलो." त्यांच्याबद्दल मला आदर आहे, तरी हे मला पटत नाही. उभं राहून पाय दुखतात. शिकवायला कुणी तरी शेजारी बसावं लागतं. दोन मतांच्या फरकाने टेबल मिळालं. सहा खुर्च्या, एक ट्यूबलाइट, आणि खणात ठेवायला टॅग, टाचण्या, कोर्ट फी स्टँप, वकिलांच्या गळ्यातले दोन जादा पांढरे बँड.

आर्टिकलशिप म्हणजे काय, हे आमच्याच कोर्टातल्या बऱ्याच जणांना नीट माहीत नसतं. एलएलबी होऊन सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतली की वकील होता येतं. सॉलिसिटर व्हायचं तर एका सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षं काढावी लागतात आणि मग बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यावी लागते. ही सोसायटी १८९४ पासूनची. पूर्वी मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथे, कामाची वाटणीच होती. अशील जायचा सॉलिसिटरकडे, सॉलिसिटर कागद तयार करून ब्रीफ, म्हणजे खटल्याचं काम, सोपवायचा आणि कोर्टात उभं राहून बोलायचा बॅरिस्टर किंवा कौन्सेल. १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यातली ती वाटणी संपली. परीक्षा मात्र राहिली, तिचा दबदबाही राहिला.

त्या जुन्या व्यवस्थेत सॉलिसिटरच्या हातात किती ताकद होती, हे मला माझ्या बाबांनी सांगितलं. बाबा परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी परत आली नाही. नंतर ते रात्रपाळीचे वॉचमन झाले. मला कॉलेजला सोडायला बसस्टॉपपर्यंत यायचे तेव्हा दामोदर हॉलवरून जाताना दर वेळी म्हणायचे, "इथे बाबासाहेबांची कचेरी होती." १९२३ साली बाबासाहेब मुंबईत वकिली करायला उभे राहिले तेव्हा सनदेसाठी पैसे नव्हते, ते नवल भथेना या मित्राने दिले. आणि बॅरिस्टर असूनही कामं येईनात, कारण कामं द्यायची सॉलिसिटरांनी आणि त्यांनी जात पाहिली. एवढा विद्वान माणूस, पण दार उघडणारं कुणी नव्हतं. बाबा हे सांगून पुढे काही बोलायचे नाहीत. मी सॉलिसिटर व्हायचं ठरवलं त्यामागे ते रोजचं वाक्य आहे.

माझी आर्टिकलशिप १९९४ ला सुरू झाली. फर्मचं नाव लिहीत नाही. पहिले सहा महिने एक रुपया मिळाला नाही. ओल्ड कस्टम हाऊसमध्ये सर्चला, म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदी शोधायला, जायचं तर बसचं तिकीटही माझंच. आईने पोळ्या लाटून मिळवलेल्या पैशांतून माझा रेल्वेचा पास निघायचा. तिथे शिकायला मात्र खूप मिळालं, तेही एका वयस्कर मॅनेजिंग क्लार्ककडून. ते म्हणायचे, "पोरी, दस्त मागून वाच. आधी शेड्युल." मिळकतीचं वर्णन, सीटीएस म्हणजे शहर भूमापनाचा नंबर, चतुःसीमा. पूर्वेला नाला लिहिलाय तर जागेवर जाऊन नाला बघ. मग वर ये आणि कोणी कोणाला काय दिलं ते वाच. आजही मी दस्त तसाच वाचते आणि तसाच शिकवते.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते. त्या दिवशी टेबलाभोवती शिकवायला बसायचं तर बाररूम उघडायला प्रमुख न्यायाधीशांची परवानगी लागली. अर्ज दिला, तीन आठवड्यांनी परवानगी आली, दुपारी दोन ते पाच. पहिल्या शनिवारी चार जण आले. टिटवाळ्याची मुलगी, दोन नवे सनदवाले आणि सॉलिसिटरच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणारा, डोंबिवलीचा एक मुलगा. मी पुस्तक उघडलंच नाही. म्हटलं, प्रत्येकाने आपल्या नाहीतर मामाच्या, मावशीच्या इमारतीचा पुनर्विकासाचा करारनामा घेऊन या.

पुढच्या वेळी टेबलावर तीन करारनामे होते. मुंबईत आज घराघरात हे कागद आहेत, सह्या झालेले, न वाचलेले. एका करारात पर्यायी जागेचं भाडं विकासक देणार असं ठळक लिहिलं होतं, पण कधीपर्यंत? "चोवीस महिन्यांपर्यंत." इमारत तीस महिन्यांत झाली तर मधले सहा महिने रहिवाशांनी भाडं कुठून भरायचं? तिथे "नव्या सदनिकेचा ताबा मिळेपर्यंत" हवं होतं. ताबाही ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळाल्यावरचा, हे लिहिलेलं हवं. दुसऱ्यात बँक गॅरंटीचं कलम होतं, रक्कम रिकामी. मग ४ जुलै २०१९ चा, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचा शासन निर्णय काढला आणि सोसायटीने विकासक कसा निवडायचा ते टप्प्याटप्प्याने वाचलं. तिसरा कागद त्या मुलीच्या आत्याच्या सोसायटीचा. तिथे मूळ जमीनच अजून सोसायटीच्या नावावर नव्हती, म्हणजे आधी डीम्ड कन्व्हेयन्स, बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही तर सरकारी अधिकाऱ्याकडून करून घ्यायची ती. त्याचं कलम, १९६३ च्या मोफा या सदनिकांच्या कायद्याचं कलम ११, ती मुलगी परीक्षेसाठी पाठ करत होती. आत्याचा प्रॉपर्टी कार्डाचा उतारा हातात आल्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग एकामागून एक प्रश्न विचारायला लागली. पाच वाजता वॉचमन दिवे घालवायला आला तरी कुणी उठेना.

उपनगरातल्या कोर्टाला सॉलिसिटर कशाला, असं मला अजून विचारतात. चाळीतल्या माणसाने सही करण्याआधी कुणी तरी आपुलकीने कागद वाचायला हवा. कज्जा झाल्यावर आम्ही आहोतच.

पैशाची गोष्ट अवघड गेली. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सनदेसाठी साडेसातशे रुपयांहून जास्त, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांकडून सव्वाशेहून जास्त घेता येणार नाही. त्याआधी वेगवेगळ्या राज्यांत हजारोंनी घेतले जात. बातमी मी बाररूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली. ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाचं परिपत्रक आलं, ज्युनिअरला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस. ती ऐकून बाररूम शांत झाली. आमच्यातल्या कित्येकांची स्वतःची महिन्याची कमाई तेवढी नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आम्ही ठराव एवढाच केला की ज्युनिअर ठेवणाराने रेल्वेचा पास आणि एक ठरलेली रक्कम दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायची आणि रजिस्टरमध्ये ज्युनिअरची सही घ्यायची. रक्कम ज्याने त्याने ठरवावी, तारीख मात्र पाचच. पैसे मागायला दर महिन्याला केबिनच्या दारात उभं राहावं लागलं की माणूस खचतो. ते मी अनुभवलंय.

शेवटचं वर्ष प्रतिज्ञापत्रं आणि प्रमाणपत्रांत गेलं. सुप्रीम कोर्टाच्या २० मे २०२५ च्या निकालाने न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आली. दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने प्रमाणपत्र द्यायचं, त्यावर न्यायालयाच्या प्रमुख अधिकाऱ्याचा शेरा. लगेच फोन सुरू झाले. एका जुन्या स्नेह्यांनी पुतण्यासाठी सही मागितली. तो मुलगा आमच्या कोर्टात कधी दिसला नव्हता, कुठल्या रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या रोजच्या नोंदीत, त्याचं नाव नव्हतं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "तुम्हीच तर नव्या पोरांना मदत करा म्हणता." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण त्याच टेबलावर सकाळी साडेदहापासून बसून बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, वाचणारी, पुकाऱ्याला धावणारी मुलं मी रोज बघत होते. त्यांच्या तीन वर्षांची आणि त्याच्या कागदाची किंमत मी एकच कशी लावू?

टिटवाळ्याच्या मुलीला सनद मिळाली. आर्टिकलशिपही पुरी झाली. सॉलिसिटरच्या परीक्षेत पहिल्या खेपेला ती नापास झाली. निकालाच्या रात्री फोन आला, रडत होती. मी म्हटलं, रडून घे, मग जेव. दोन दिवसांनी मेसेज आला, "मॅडम, फॉर्म परत भरतेय."

नव्या अध्यक्षांनी किल्ल्या मोजून घेतल्या. कपाट, ग्रंथालय, तिजोरी, मुख्य दार. "खिडकीजवळच्या टेबलाच्या खणाची?" त्यांनी विचारलं. त्या खणाला मी कधी कुलूप लावलं नाही, असं सांगितलं आणि खण उघडून दाखवला. स्टँप संपत आले होते. त्यांनी डायरीत लिहून घेतलं, आणि चौथ्या शनिवारची परवानगी कुणाच्या नावाने मागायची तेही विचारलं.