आमची वाटचाल: लिग्नाइट, प्लास्टिक आणि पाण्याची टाकी

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये लिग्नाइट, म्हणजे ओलसर तपकिरी कोळसा, आणि टाकाऊ प्लास्टिक एकाच रिअ‍ॅक्टरमध्ये शिजतं आणि त्यातून तेल निघतं. कोळशात हायड्रोजन कमी, पॉलिथिनमध्ये भरपूर. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बर्गियसने 1913 साली कोळशाला प्रचंड दाबाखाली हायड्रोजन पाजून तेल काढलं. लहान कारखान्याला तो दाब पेलत नाही, म्हणून प्लास्टिकची जोड. थोडाफार हायड्रोजन तिथून मिळतो. 300 किलोच्या घाण्यात, म्हणजे एका वेळच्या भरण्यात, 200 किलो प्लास्टिक, 100 किलो गुजरातमधल्या राजपारडीच्या खाणीतला लिग्नाइट, 3 मिमीच्या चाळणीतून गाळलेला.

तिसऱ्या वर्षी धंदा बुडालाच होता. भंगारातून आलेल्या गोण्यांत पीव्हीसी केबलची सालं निघाली. पीव्हीसी हे क्लोरीन असलेलं प्लास्टिक. 300 अंशांच्या आसपास त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. लिग्नाइट न वाळवताच भरलेला, त्यात पस्तीस टक्के पाणी. वाफ आणि वायू कंडेन्सरच्या थंड नळ्यांवर एकत्र उतरले, त्याचं आम्ल झालं आणि 304 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली. थंड करायचं पाणी थेट तेलात. तीन महिने शेड बंद, नळ्यांचा अख्खा संच नवा. तो लॉट आम्ही स्वखर्चाने परत आणला, तरी एका स्पर्धकाने गिऱ्हाइकांत पसरवलं की आमचं तेल बर्नर खातं. त्याच्याकडे प्लास्टिक धुवायची टाकी तेव्हाही नव्हती, आजही नाही. हे आम्ही विसरलेलो नाही.

फाउंड्रीवाले एक काका तेवढे थांबले. "एक पिंप पाठवा, जाळून बघतो," म्हणाले. आजही पहिलं पिंप त्यांचंच.

या धंद्यात उतरणाऱ्यांनी रिअ‍ॅक्टरच्या आधी टाकी आणि ड्रायर घ्यावा. पाण्यात पॉलिथिन (पीई) आणि पॉलिप्रॉपिलीन (पीपी) तरंगतं. पीव्हीसी आणि बाटल्यांचं पीईटी बुडतं. पीईटीही नकोच, त्याची पांढरी भुकटी पाइपात गच्च बसते. शंका आली तर तांब्याची तार लाल करून तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली, म्हणजे क्लोरीन आहे, तर गोणी परत. लिग्नाइट दहा टक्के ओलाव्याखाली आणा. 300 अंशांवर तासभर थांबून वायू कॉस्टिक सोड्याच्या स्क्रबरमधून, म्हणजे वायू धुणाऱ्या टाकीतून, काढा, मगच 430 अंश गाठा. पहिला कंडेन्सर 90 अंशांवर ठेवा, नाहीतर मेण गोठून नळी तुंबते आणि दाब चढतो. भिंतीचा आणि आतला थर्मोकपल (तापमापक) यांच्या तापमानातला फरक घाण्यागणिक वाढत गेला, तर भिंतीवर कोक, म्हणजे कार्बनचा थर, धरलाय. स्टररचं, म्हणजे ढवळणीचं, पातं तपासा.

झाकण 60 अंशांखाली, नायट्रोजन चालू ठेवूनच उघडायचं. लिग्नाइटचा उरलेला कोळसा गरम असताना हवा लागली की आपोआप पेटतो.